धनादेश वटेपर्यंत जमा नाही

आम्हा बँकवाल्यांना एक खोड असते. धनादेश हाती आला म्हणून रक्कम जमा धरत नाही; तो वटावा लागतो. लष्करी बातम्याही मी तशाच वाचतो.

'तेजस'चे घ्या. मंजुरी १९८३ साली, पहिले उड्डाण २००१ साली, हवाई दलात प्रवेश २०१६ साली. एवढी मुदत आम्ही गृहकर्जालाही देत नाही! फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झाला, त्यांतली बहुतेक 'मार्क-१ए'. मार्च २०२४ पासून ती मिळायची होती, वेळेत मिळाली नाहीत. एक मोठे कारण म्हणजे अमेरिकेच्या जीई कंपनीची इंजिनेच वेळेवर आली नाहीत. आपले 'कावेरी' इंजिन १९८९ साली मंजूर झाले, पण तेजसला लागणारा जोर त्यात आला नाही. घर आपले, चूल शेजाऱ्याची!

आपण ग्वाल्हेरकर. महादजी शिंद्यांनी डी बॉयनकरवी आग्र्याला तोफांचा कारखाना काढला. उस्ताद परका, पण भट्टी आपली. हा धडा घरचाच आहे.

दिरंगाईचे व्याज भरले वैमानिकांनी. १९६३ साली आलेले मिग-२१ त्यांना २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत उडवावे लागले. ओझरला जिथे मिग बनत, तिथे १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजसची साखळी सुरू झाली. पेढे जरूर वाटू. पण मते मागायला कोणत्याही पक्षाचा उमेदवार येवो, त्याला एवढेच विचारा : घोषणा पुष्कळ झाल्या, वटल्या किती? आणि इंजिन कधी?