ऑक्टोबरची परीक्षा आणि एक धाव



कवीला रेडिओवर बोलावलं की तो कविता वाचणार, असं तुम्ही धरून चालता. आज मी कविता वाचणार नाही. आज मला बोलायचंय गुणांच्या तक्त्याबद्दल. वर्तमानपत्रात खेळाच्या पानावर, कोपऱ्यात, बारीक टाइपात छापतात ना, तो तक्ता. संघ, सामने, विजय, पराभव, अनिर्णित, गुण. खरं सांगायचं तर कवितासंग्रहांपेक्षा तो तक्ताच मी आयुष्यात जास्त वेळा वाचला असेल.

मी रे रोडचा. हार्बर लाइनवरून जाणाऱ्यांना आमचं स्टेशन म्हणजे कॉटन ग्रीन आणि डॉकयार्ड रोडच्या मधली एक पाटी. पण १९१० साली कुर्ल्याहून हार्बरची गाडी सुरू झाली तेव्हा ती रे रोडलाच संपायची. पुढे १९२५ साली ती व्हीटीला गेली आणि आमचं शेवटचं स्टेशन मधलं झालं. समुद्राकडे दारूखाना, तिथे जुन्या जहाजांचं भंगार. आणि आजूबाजूला लाकडाच्या वखारी. माझं लहानपण करवतीच्या आवाजात आणि भुशाच्या वासात गेलं. आमची बॅटसुद्धा वखारीतल्या तुकड्याची, तासून घेतलेली. ती इतकी जड असायची, की चेंडू जोरात जायचा आणि मनगट चार दिवस दुखायचं.

अब्बा रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले. वखारीत लाकूड मोजायचं काम करायचे. हातात टेप, कानावर खडू. लांबी, रुंदी, जाडी. तोंडी गुणाकार आणि घनफुटाचा आकडा खडूनं लाकडावर. त्यांचं एक वाक्य होतं : "माप म्हणजे माप." तोच न्याय ते क्रिकेटलाही लावायचे.

आता रणजी करंडकाचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. ही स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली आणि पहिला करंडक मुंबईनंच जिंकला. पुढे १९५७-५८ पासून प्रत्येक विभागात साखळी सामने होऊ लागले. आमच्या पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र. यातला पहिला येईल तो एकच संघ पुढे जायचा. दुसरा आला तो घरी. मुंबईनं १९५८-५९ ते १९७२-७३ असा सलग पंधरा वर्षं करंडक जिंकला. त्यातली बरीच वर्षं महाराष्ट्राच्या संघाला आधी मुंबईचा उंबरठा ओलांडावा लागे, तेव्हाच पुढचं अंगण दिसे.

मग १९७०-७१ साली नियम बदलला. दार मोठं केलं. प्रत्येक विभागातले पहिले दोन संघ, म्हणजे एकूण दहा संघ बाद फेरीत. आणि गंमत बघा, दार मोठं केल्याच्या पहिल्याच वर्षी अंतिम सामना झाला तो मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात! एकाच विभागातले दोन संघ. आदल्या वर्षापर्यंत हे शक्यच नव्हतं. मुंबईचे वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर तेव्हा वेस्ट इंडीजमध्ये होते. उरलेल्या संघाचं नेतृत्व सुधीर नाईक यांनी केलं आणि मुंबई ४८ धावांनी जिंकली.

मी तेव्हा पाळण्यात होतो. पण हा सामना अब्बांनी आम्हांला इतक्यांदा सांगितला, की मी तो पाहिल्यासारखाच आहे. त्यांची मोठी पंचाईत झाली होती. गाव महाराष्ट्र संघाच्या हद्दीत आणि पोट मुंबईच्या. कुणाच्या बाजूनं उभं राहायचं? "दुसऱ्या नंबरला आत घेतलंच कशाला?" असं ते म्हणायचे. "साखळीत निकाल लागला होता ना? मग परत तेच दोघं समोरासमोर कशाला?" माप म्हणजे माप.

आता घरातली गोष्ट. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला भाई म्हणतो, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. वेगानं गोलंदाजी करायचा. १९८४ साली तो दहावीला इंग्रजीत नापास झाला, चार मार्कांनी. त्या काळी मार्चमध्ये नापास झालेल्या पोरांसाठी ऑक्टोबरची परीक्षा असायची. तिला बसणाऱ्यांना "ऑक्टोबरवाले" म्हणत, आणि ते काही कौतुकानं म्हणत नसत. भाईनं फॉर्म आणला होता. अब्बांनी तो पाहिला, घडी घातली आणि म्हणाले, "एकदा मोजलं ते मोजलं. सोमवारपासून वखारीत ये." भाई गेला. काही बोलला नाही.

१९८६ साली मी नापास झालो. गणितात! लाकूड मोजणाऱ्याचा मुलगा गणितात अठ्ठावीस मार्क घेऊन घरी आला. अब्बा तेच वाक्य म्हणणार, हे मला ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडायच्या आत भाई म्हणाला, "याचा फॉर्म मी भरणार. माझ्या पगारातून." अब्बा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग उठून हात धुवायला गेले. ऑक्टोबरला मला एकेचाळीस मार्क पडले. पुढे मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, आज तुमच्याशी बोलतोय. हे सगळं त्या एका फॉर्मवर उभं आहे. त्याबद्दल भाईशी मी कधी बोललो नाही. आमच्यात बोलायची पद्धतच नव्हती. आम्ही बोलायचो ते क्रिकेटबद्दल.

म्हणून दार मोठं करावं की नाही, हा वाद मला नुसता खेळाच्या पानावरचा वाटत नाही.

१९९२-९३ पासून प्रत्येक विभागातले तीन-तीन संघ पुढे जाऊ लागले. २००२-०३ साली विभागच मोडले. २०१८-१९ मध्ये एकदम नऊ नवे संघ आले. ईशान्येकडची राज्यं, बिहार, उत्तराखंड, पुदुच्चेरी. अलीकडच्या रचनेत वरच्या गटातले बत्तीस संघ आठ-आठच्या चार गटांत खेळले आणि प्रत्येक गटातले दोन उपांत्यपूर्व फेरीत गेले. जुनी मंडळी कुरकुरतात. म्हणतात, यानं खेळाचा कस जातो. आणि त्यांच्या हाती पुरावाही आहे. जून २०२२ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत मुंबईनं उत्तराखंडला ७२५ धावांनी हरवलं. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या इतिहासात धावांच्या हिशेबात एवढा मोठा विजय त्याआधी कुणीच मिळवला नव्हता. सुवेद पारकरनं पदार्पणातच २५२ धावा केल्या. कुरकुरणारे म्हणाले, "बघा, नको त्याला आत घेतलं की असं होतं."

पण पुढचंच वर्ष बघा. २०२२-२३ च्या मोसमात उत्तराखंड पुन्हा उपांत्यपूर्व फेरीत होतं आणि मुंबई नव्हती!

आणि चुकणाऱ्याला पुन्हा संधी मिळण्याचा फायदा मुंबईनं काय कमी घेतलाय? २००६-०७ साली अमोल मुजुमदारच्या मुंबईनं पहिले तिन्ही सामने गमावले होते. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात मुंबईची अवस्था शून्य धावांवर पाच बाद! फलकावर शून्य आणि पाच जण तंबूत. तरी तो सामना जिंकला आणि पुढे वानखेडेवर बंगालला हरवून करंडकही जिंकला. "एकदा मोजलं ते मोजलं" असा नियम असता, तर तो करंडक आपल्याकडे आला असता का?

हा वाद आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत बेसबॉलची मोठी साखळी आहे, तीस संघांची. २०२२ पासून तिथे अंतिम टप्प्यात दहाऐवजी बारा संघ घ्यायला लागले. तिथल्या जुन्या मंडळींनीही नाकं मुरडली. लगेच पुढच्या वर्षी, २०२३ ला, अंतिम मालिकेत पोचलेले टेक्सास आणि ॲरिझोना हे दोन्ही संघ आपापल्या विभागात पहिले न आलेले, मागच्या दारानं आत आलेले. टेक्सास जिंकलं. मागच्या दारानं आला म्हणून कुणी त्यांचा चषक अर्धा कापून दिला नाही.

मग काय, दार मोठं केलं की सगळे आत? तसंही नाही. जानेवारी २०२३ मध्ये भाई आणि मी ब्रेबॉर्नवर गेलो होतो. साखळीतला शेवटचा सामना आणि समोरासमोर पुन्हा मुंबई आणि महाराष्ट्र. अब्बा असते तर पुन्हा पंचाईत. रणजीत निर्णायक विजयाला सहा गुण असतात. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन आणि दुसऱ्याला एक. महाराष्ट्राला नुसती आघाडी मिळाली असती तरी पुरलं असतं. मुंबईला विजयच हवा होता. महाराष्ट्राचा डाव ३८४ वर संपला, केदार जाधवचं शतक. मुंबईकडून प्रसाद पवारनं १४५ काढल्या. शेवटची जोडी मैदानात, फलकावर ३८४, आणि विकेट पडली. ३८४ ला ३८४. ना आघाडी, ना पिछाडी. दोघांना एकेक गुण. दुसऱ्या डावानंतर मुंबईपुढे २५३ धावांचं लक्ष्य होतं. उरल्यासुरल्या षटकांत पोरांनी मारून पाहिलं, पण जमलं नाही. सामना अनिर्णित राहिला. त्या गटातून सौराष्ट्र आणि आंध्र पुढे गेले. आपले दोन्ही संघ बाहेर.

उन्हं उतरल्यावर आम्ही चालत व्हीटीला आलो. गाडीत भाई म्हणाला, "दार कितीही मोठं केलं ना, तरी एक धाव लागतेच." अब्बांचं माप त्याच्यातही उतरलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. फरक एवढाच, की अब्बांना दार अरुंद हवं होतं. भाईला दार मोठं चालत होतं, फक्त धाव खरी हवी होती.

आता शेवटची गोष्ट. जानेवारी २०२५. बीकेसीच्या मैदानावर जम्मू-काश्मीरनं मुंबईला हरवलं. मुंबईच्या संघात रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर, शार्दूल ठाकूर अशी सगळी फौज, आणि तरी हरलो. साखळीचा एकच सामना उरला होता. जम्मू-काश्मीरचे गुण २९, बडोद्याचे २७, आपले २२. मेघालयाला डावानं हरवून बोनससह सात गुण मिळवायचे आणि बडोद्यातला निकाल आपल्याला हवा तसा लागायला हवा. पहिलं काम मुंबईनं केलं. मेघालयाची सुरुवातीलाच २ धावांवर ६ बाद अशी दैना उडाली. मुंबईनं ६७१ धावा उभारल्या आणि एक डाव ४५६ धावांनी सामना जिंकला. दुसरं काम आपल्या हातात नव्हतं. ते केलं कुणी? ज्यांनी आठवड्यापूर्वी आपल्याला हरवलं होतं, त्या जम्मू-काश्मीरनं! त्यांनी बडोद्याला हरवलं आणि २९ गुणांवर मुंबई आत गेली.

पुढे काय झालं तेही सांगतो. मुंबई हरियाणाला हरवून उपांत्य फेरीत गेली आणि नागपुरात विदर्भाकडून हरली. आणि जम्मू-काश्मीर? उपांत्यपूर्व सामन्यात पुण्याला केरळच्या २८१ आणि त्यांच्या २८०. सामना अनिर्णित, एका धावेच्या आघाडीवर केरळ पुढे. आपल्यासाठी दार उघडणारे स्वतः एका धावेनं बाहेर राहिले.

मुंबई आत गेल्याची बातमी आली तेव्हा भाईचा फोन आला. हसत म्हणाला, "अरे, आपली मुंबई ऑक्टोबरला पास झाली!"

मीही हसलो. आणि का कोण जाणे, चाळीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते तेव्हा तोंडातून निघालं. म्हटलं, "भाई, माझा फॉर्म भरलास. आपणही परत बसायला हवं होतं, असं तुला कधी वाटलं नाही?"

थोडा वेळ पलीकडून नुसता गाडीचा भोंगा ऐकू आला. तो अजून रे रोडलाच राहतो. मग म्हणाला, "वाटायचं. दर ऑक्टोबरला वाटायचं."

आणि लगेच म्हणाला, "बरं ते सोड. पुढची मॅच कुणाशी आहे रे?"

श्रोतेहो, दहावीची ती ऑक्टोबरची परीक्षा आता राहिलेली नाही. २०१५ पासून फेरपरीक्षा जुलैच्या सुमाराला आली. पोरांचं वर्ष वाचावं म्हणून. चांगलं झालं. तुमच्या घरात, शेजारात कुणी त्या परीक्षेला बसणार असेल, तर त्याला नावं ठेवू नका. पेपर त्यालाच लिहायचाय, पस्तीस मार्क त्यालाच मिळवायचेत. आपण फक्त फॉर्म भरायचा.

नमस्कार.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)