चर्चमधल्या पार्टीतून निघालेला बँड

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हे विद्यापीठाचं गाव. तिथे रेकॉर्डच्या दुकानात काम करणारा पीटर बक आणि गिऱ्हाईक म्हणून येणारा मायकेल स्टाइप यांची गट्टी जमली. माइक मिल्स आणि बिल बेरी येऊन मिळाले. ५ एप्रिल १९८० रोजी एका जुन्या चर्चमध्ये, वाढदिवसाच्या पार्टीत, चौघांनी पहिला कार्यक्रम केला. हाच तो बँड, आर.ई.एम. गायक स्टाइपचे शब्द धड कळायचे नाहीत. तरी कॉलेजांच्या रेडिओंनी त्यांना उचलून धरलं. बकने नव्यानेच हाती घेतलेल्या मेंडोलिनवर बांधलेलं ‘लूझिंग माय रिलिजन’ १९९१ मध्ये जगभर गाजलं. १९९७ मध्ये ड्रमर बेरी बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी २०११ मध्ये भांडणतंटा न करता बँड थांबवला. रॉकच्या दुनियेत हे विरळाच.