महाविद्यालयीन खेळांची वाहिनी : घ्यावी की न घ्यावी?



आज ज्या प्रश्नाविषयी मी आपल्याशी चार शब्द बोलणार आहे, तो वरवर पाहता आपल्यापासून फार दूरचा आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील बारा विद्यापीठांच्या संघाने आपल्या विद्यार्थ्यांचे खेळ दाखविणारी एक स्वतंत्र वाहिनी काढली. उपग्रहाच्या द्वारे घरोघर दूरचित्रवाणी पुरविणाऱ्या तेथील सर्वांत मोठ्या कंपनीने ती आपल्या ग्राहकांना देण्याचे नाकारले, आणि हा नकार तब्बल एक तपभर टिकला. कंपनीने ती वाहिनी घ्यावयास हवी होती काय, हा आजचा विषय. दर महिन्याला वाहिन्यांचे पैसे भरणाऱ्या आणि मुलांना महाविद्यालयात धाडणाऱ्या कोणत्याही गृहस्थास या वादातून काही शिकता येईल, म्हणूनच तो मी निवडला आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ ही केवळ विद्यार्थ्यांची करमणूक नव्हे. ती साऱ्या गावाची, किंबहुना साऱ्या राज्याची अभिमानाची बाब आहे. तेथील फुटबॉल म्हणजे चेंडू हाती घेऊन धावण्याचा खेळ. तो पाहण्यास एकेका विद्यापीठाच्या मैदानावर लाखभर माणसे जमतात. नभोवाणीची आणि या खेळाची गाठ फार लवकर पडली. १९२१ च्या ऑक्टोबरात पिट्सबर्ग येथील केंद्राने एका महाविद्यालयीन सामन्याचे वर्णन ध्वनिक्षेपित केले, आणि १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये असा सामना प्रथमच दूरचित्रवाणीवर दिसला.

पुढे मात्र विद्यापीठांना भीती वाटू लागली की, लोक घरबसल्या सामने पाहू लागले तर मैदाने ओस पडतील. म्हणून त्यांच्या मध्यवर्ती संस्थेने किती सामने दाखवावे यावर कडक बंधने घातली. ही बंधने १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी बेकायदा ठरविली. विरुद्ध मत देणाऱ्या दोघांपैकी बायरन व्हाइट हे न्यायमूर्ती तरुणपणी स्वतः नामांकित फुटबॉलपटू होते. शिक्षणसंस्थांचे खेळ बाजाराच्या हाती सोपविणे त्यांना मान्य नव्हते. पुढे जे घडले ते पाहता त्यांची शंका अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही.

बंधने गेली आणि विद्यापीठांचे निरनिराळे संघ आपापले सामने विकू लागले. मध्यपश्चिमेकडील 'बिग टेन' या संघाने २००७ च्या ऑगस्टअखेर स्वतःची वाहिनीच काढली. दोनच दिवसांनी, १ सप्टेंबर रोजी, मिशिगनच्या बलाढ्य संघाला अॅपलाचियन स्टेट या तुलनेने लहान विद्यापीठाच्या संघाने त्याच्याच मैदानावर ३४ विरुद्ध ३२ असे हरविले. हा अपूर्व सामना या नव्या वाहिनीवर होता, आणि कॉमकास्ट या देशातील सर्वांत मोठ्या केबल कंपनीने ती अद्याप घेतलेली नव्हती. त्यामुळे मिशिगनमधीलच असंख्य घरांना तो पाहता आला नाही. डायरेक्टटीव्ही या उपग्रह कंपनीने मात्र ती वाहिनी पहिल्या दिवसापासून घेतली होती. म्हणजे ही कंपनी महाविद्यालयीन खेळांची वैरी होती असे कोणी समजू नये.

असे असता १५ ऑगस्ट २०१२ रोजी निघालेल्या 'पॅक-ट्वेल्व्ह' वाहिनीला त्याच कंपनीने दार का लावले? याचे उत्तर पैशाच्या व्यवहारात आहे. तो व्यवहार असा : वाहिनीचा मालक कंपनीकडून दर घरामागे दरमहा ठराविक रक्कम मागतो. कंपनी ती रक्कम ग्राहकांच्या बिलात मिसळते. वाहिनी सर्वसाधारण संचात, म्हणजे ज्याला आपण बोलताना 'पॅक' म्हणतो त्यात, घातली की ती पाहणारा आणि न पाहणारा दोघेही सारखेच पैसे देतात. पॅक-ट्वेल्व्हने आपल्या राज्यांतील घरांसाठी दरमहा सुमारे ऐंशी सेंट मागितल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून सांगितले जात होते. एका घराला ही रक्कम क्षुल्लक. परंतु कंपनीपाशी त्या वेळी सुमारे दोन कोटी घरे होती, आणि सेंटासेंटानेच डॉलर होतो.

कंपनीचा पक्ष दुबळा नव्हता. पहिली गोष्ट अशी की, या संघाने आपले उत्तमोत्तम सामने २०११ सालीच दोन बड्या प्रक्षेपण कंपन्यांना बारा वर्षांसाठी सुमारे तीन अब्ज डॉलरना विकले होते, आणि त्या कंपन्यांच्या वाहिन्या डायरेक्टटीव्हीवर होत्याच. साय काढून घेतल्यावर उरलेल्या दुधाला सायीचा भाव कोण देईल? दुसरी गोष्ट, संघाने एक नव्हे तर सात वाहिन्या काढल्या होत्या. एक साऱ्या देशासाठी आणि सहा प्रादेशिक. केबल कंपनी आपापल्या शहरापुरता विचार करू शकते. उपग्रह मात्र विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून साऱ्या खंडावर प्रकाश टाकतो. त्याच्यावरील प्रत्येक जागा मोजकी आणि महाग असते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या घरात कोणी खेळ पाहत नाही, तेथील वृद्ध विधवेनेही दुसऱ्याच्या हौसेचे पैसे का भरावे? ज्यांना हवी त्यांनी वेगळे पैसे देऊन घ्यावी, असे म्हणण्यात अन्याय तो कोणता?

आता विद्यापीठांचा पक्ष ऐकू. हे म्हणणे केवळ फुटबॉलपुरते असते तर मी ते इतक्या आस्थेने मांडले नसते. बडे सामने कोणीही दाखवील. परंतु मुलींचा व्हॉलीबॉल, पोहणे, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, वॉटरपोलो हे कोण दाखविणार? पॅक-ट्वेल्व्ह वाहिनी भरात असता वर्षाला सुमारे साडेआठशे सामने व स्पर्धा प्रत्यक्ष दाखवीत असे, आणि त्यांत या उपेक्षित खेळांचा भरणा मोठा होता. पहाटे उठून चार वर्षे पाण्यात हात मारणाऱ्या मुलीची शर्यत दूर गावी राहणाऱ्या तिच्या आईबापांना दिसावी, हे लहानसे कार्य नव्हे. अशा खेळांना स्वतःच्या बळावर ग्राहक मिळणे कठीण. सर्वांच्या खिशातून थोडे थोडे येते तेव्हाच ते जगतात. ग्रंथालयाची वर्गणीही अशीच नसते काय? प्रत्येक सभासद प्रत्येक पुस्तक थोडेच वाचतो!

शिवाय उपग्रहाची छत्री कोणाच्या घरावर असते हेही पाहिले पाहिजे. शहरात केबल आहे. जेथे केबलची तार पोहोचत नाही अशा शेतावरील व कुरणांवरील घरांना छत्रीचाच आधार. या बारांपैकी वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगन स्टेट ही दोन विद्यापीठे मूळची शेतकी महाविद्यालये. १८६२ च्या कायद्याने केंद्र सरकारने जमिनी दिल्या, त्यांतून जोपासली गेलेली. त्यांचे कितीतरी माजी विद्यार्थी अशाच दूरच्या घरांतून राहतात. दुसऱ्या एका उपग्रह कंपनीने ही वाहिनी घेतली होती हे खरे, आणि कंपनी बदला असे संघानेही लोकांना सांगून पाहिले. परंतु व्यावसायिक फुटबॉलचे देशभरातील रविवारचे सर्व सामने त्या काळी डायरेक्टटीव्हीकडेच मिळत. तेव्हा खेळाचा शौकीन ती कंपनी सोडणार कसा?

दोघेही हटून बसले. संघाला वाटले, ग्राहक ओरडतील आणि कंपनी नमेल. कंपनीला वाटले, आपल्यावाचून वाहिनीचे चालणार नाही. बिग टेनने आपल्या वाहिनीत एका बड्या प्रक्षेपण कंपनीला भागीदार करून घेतले होते, आणि तिच्या इतर लोकप्रिय वाहिन्यांचे वजन सौद्यात उपयोगी पडले. पॅक-ट्वेल्व्हने सारी मालकी स्वतःकडे ठेवली. हा स्वाभिमान खरा, पण सौद्याच्या वेळी तो एकाकी पडला. २०१५ साली डायरेक्टटीव्ही एका मोठ्या टेलिफोन कंपनीने विकत घेतली. तिच्या दुसऱ्या सेवेवर ही वाहिनी आधीच होती, म्हणून आशा पालवली. तीही फोल ठरली. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी संघ सोडत असल्याचे जाहीर केले. पुढल्या वर्षी नवा प्रक्षेपणकरार समाधानकारक होईना, तेव्हा आणखी आठ बाहेर पडली. ३० जून २०२४ रोजी वाहिनी बंद झाली. १९१५ साली स्थापन झालेल्या संघात त्या उन्हाळ्यानंतर दोनच विद्यापीठे उरली, आणि ती कोणती? तीच दोन शेतकी महाविद्यालये! या पडझडीला केवळ वाहिनीचे भांडण कारण झाले असे मी म्हणणार नाही. पण बारा वर्षे घरोघर न दिसलेल्या खेळाचे मोल बाजारात कमी लागावे यात नवल नाही. तेलही गेले, तूपही गेले आणि हाती धुपाटणे राहिले.

मग माझा कौल कोणाकडे? कंपनीने वाहिनी घ्यावयास हवी होती असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मागितलेल्या अटींवर नव्हे. ज्या राज्यांत ही विद्यापीठे आहेत, जेथील करदात्यांच्या पैशावर त्यांतील बहुतेक उभी आहेत, तेथे एक प्रादेशिक वाहिनी सर्वसाधारण संचात अल्प दराने द्यावी. इतरत्र ती ज्याला हवी त्याने वेगळे पैसे भरून घ्यावी. ही कल्पना हवेतील नव्हे; २००८ साली बिग टेन आणि कॉमकास्ट यांचा समेट साधारण याच धोरणाने झाला. राज्याच्या विद्यापीठाशी राज्यातील घराचे काही नाते असते. दोन हजार मैलांवरील घराचे ते नसते, आणि नात्यावाचून वर्गणी मागणे म्हणजे जुलूम होय.

सर्वच वाहिन्या सुट्या विकाव्यात असे म्हणणाऱ्यांस आपल्या देशातील अनुभव उद्बोधक वाटेल. येथे २०१९ पासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची स्वतंत्र किंमत जाहीर करावी लागते आणि ग्राहकाला एकेक वाहिनी निवडण्याची मुभा आहे. हक्क मोलाचा खरा. तरीही निवडीच्या कटकटीने पुष्कळ घरे अखेर तयार संचच घेतात. सुटी विक्री हे न्यायाचे साधन आहे, पण ज्याला मुळातच प्रेक्षक थोडे त्याला ती तारू शकत नाही.

शेवटी एक गोष्ट विद्यापीठांनाच सांगावीशी वाटते. कंपनी ही कंपनी आहे. तिने नफा पाहिला तर तिला दोष देता येत नाही. परंतु विद्यापीठाने व्यापाऱ्याच्या आसनावर बसून घासाघीस करावी आणि त्यापायी आपल्याच मुलामुलींचे खेळ पुष्कळ घरांना बारा वर्षे दिसू नयेत, हे त्याच्या धर्मास शोभत नाही. शिक्षणसंस्थेने आधी दिसण्याचा विचार करावा, मिळकतीचा नंतर. प्रेक्षक मिळाला तर पैसा मागाहून येऊ शकतो; गेलेला प्रेक्षक पैशाने परत येत नाही. उद्या आपल्याकडील विद्यापीठांच्या कबड्डीची, खो-खोची, मल्लखांबाची वाहिनी निघालीच, तर तिच्या चालकांनी करारावर सही करण्यापूर्वी या बारा वर्षांचा हिशेब एकवार वाचून पाहावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.