गहू सोडला, आता ताटात काय?



गव्हात ग्लूटेन नावाचे एक चिकट प्रथिन असते. कणीक ताणली तरी चटकन तुटत नाही, ती त्याच्यामुळे. काही माणसांच्या आतड्याला हे ग्लूटेन बाधते. आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. या विकाराला सीलिअ‍ॅक म्हणतात. मुलाला वारंवार ढाळ होते, पोट फुगते, उंची खुंटते. लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त भरत नाही. आपण म्हणतो, जंत झाले असतील, आणि वर्ष निघून जाते.

हॉलंडात १९४४-४५ च्या हिवाळ्यात दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला. तेव्हा अशी मुले उलट सुधारली! पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली. विलेम डिके या बालवैद्याने गव्हावरचा आपला संशय त्यावरून पक्का केला. आजही यावर औषध म्हणजे गहू आणि जव जन्मभर वर्ज्य करणे, एवढेच.

गुरुजी, वर्गात असे खुरटलेले मूल दिसले तर पालकांना डॉक्टरकडे धाडा. पण आधी रक्ततपासणी, मग गहू बंद. उलट केले तर तपासणीत रोग लपतो.

जालन्याच्या माणसाला गहू सोडणे म्हणजे काही वनवास नव्हे. ज्वारी, बाजरी, मका यांत हे ग्लूटेन नाही. आपल्या दगडी ज्वारीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अडचण निराळीच आहे. कापूस-सोयाबीन वाढले, ज्वारी मागे पडली, आणि रेशनवर येतो तो मुख्यतः गहू-तांदूळ. मग आजारी लेकराला नुसता भात नाही तर साबुदाणा! पोट भरते, पण साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नाहीच. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह, तर पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. ज्याचे रक्त आधीच उणे, त्याला भातावर ठेवून कसे चालेल?

म्हणून भाकरी हवी. आणि भाकरीबरोबर वरण हवेच. ज्वारीच्या प्रथिनात जे उणे असते ते तूर-मुगाची डाळ भरून काढते. मेथी, चवळी, शेपू, जी भाजी बांधावर मिळेल ती घ्या. हाडांसाठी तिळाची चटणी, ताक, मिळाली तर नाचणी. जेवणावर लिंबू पिळा किंवा आपली मोसंबी द्या, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह अडवतो. मूल खात असेल तर अंडे उत्तम.

आता गिरणीचे बघा. इथेच पुष्कळ घरे फसतात. गव्हाच्या पाठोपाठ त्याच जात्यातून ज्वारी दळली की गव्हाचे पीठ तिच्यात उतरते, आणि या रोगाला चिमूटभरही पुरते. गिरणीवाल्याला सांगून जाते झाडून घ्या, त्यावर दुसऱ्या कोणाची ज्वारी दळून होऊ द्या, मग आपली टाका. घरचे जाते असेल तर फारच बरे. तवा, परात, पोळपाट निराळे ठेवा. कुरडई गव्हाच्या चिकाची, शेवया गव्हाच्या, सातूच्या पिठात गहू, धपाट्यातही आपण मूठभर कणीक घालतो. ती न घालता कोमट पाण्याने पीठ मळले तरी धपाटे थापता येते. डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. शाळेतल्या खिचडीत कोणता हिंग पडतो ते गुरुजींनी एकदा डबी हातात घेऊन वाचावे.

लग्नाच्या पंगतीला जाताना लेकराच्या पिशवीत दोन भाकरी नि शेंगदाण्याची चटणी बांधून द्या. बुंदीचा लाडू हरभऱ्याच्या पिठाचा. तो त्याला चालेल. फक्त आचाऱ्याला आधी विचारा, त्या कढईत पुऱ्या तळल्या होत्या का?