नवे यंत्र आणि शेजार

हातातला मोबाइल उत्तम चालत असता नवा घ्यावासा का वाटतो? गरजेपोटी क्वचितच, बहुधा शेजाऱ्याने घेतला म्हणून. आमच्या चाकुरातही हे कर्ज हप्त्याहप्त्याने घरात शिरते. एकट्याने किती तग धरावा? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे प्रश्न वापराचा होता. २०२२ साली गावाने ठरविले, की सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच दीड तास टी.व्ही. व मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यासास बसावे. नियम सर्वांनाच असल्याने कोणास उणेपणा वाटावयाचे कारण उरले नाही. खरेदीच्या मोहासही हीच युक्ती योजावी. जुने यंत्र दुरुस्तीपलीकडे जाईपर्यंत नवे आणावयाचे नाही, असे चार घरांनी मिळून ठरवावे. शेजाराने लावलेली ओढ शेजारानेच सुटेल.