पडद्यावरची ललिता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी बोलावे असे ठरले तेव्हा मला वाटले, दिवाळीच्या फराळविक्रीच्या हिशेबावर चार शब्द सांगायचे असतील. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "काकू, हिशेब दरवर्षीच होतो. तुम्ही कादंबऱ्यांवरून निघालेल्या सिनेमांवर बोला. दर गुरुवारी त्यावरूनच तर भांडता." हे मात्र खरे. आपल्या मंडळात भांडणाचे विषय दोनच. सहलीला कुठे जायचे हा एक, आणि कादंबरीचा सिनेमा केला तो बरा की वाईट हा दुसरा.

एक पक्ष म्हणतो, पुस्तकाची सर सिनेमाला यायची नाही. मी या पक्षात पुष्कळ वर्षे होते. पडद्यासमोर बसले की माझ्या मनात पुस्तक उघडे असायचे. हे गाळले, ते घुसडले, अमकी काळीसावळी होती ती गोरी कशी झाली, असे वाण्याची वही तपासावी तसे माझे चालायचे. तिकिटाचे पैसे जात आणि रडायचे राहून जाई. माझा पक्ष कसा बदलला ते आज सांगणार आहे. त्यात माझ्या सासूबाई येतात. त्या २०११ साली गेल्या, म्हणून आता सांगायला हरकत नाही.

मी १९७२ साली लग्न होऊन लोणावळ्यात आले. इथला पाऊस तुम्हाला काय सांगायचा! चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल, पुस्तकांना बुरशी. पहिल्याच श्रावणात तांदूळ काढायला मोठा पत्र्याचा डबा उघडला, तर हात आत घालताच पुस्तक लागले. शरदबाबूंची 'परिणीता'. मी चकित झाले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तांदळात कोरडं राहतं." ते खरेच होते, पण अर्धेच. मामंजी रेल्वेत होते, स्वभावाने करडे. बायकांनी पोथी वाचावी, कादंबऱ्यांनी डोके फिरते, असे त्यांचे मत. तांदळाच्या डब्यात ते कधी हात घालणार नाहीत, हे सासूबाईंना पक्के ठाऊक होते.

शरदबाबूंच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांनी मराठीत आणल्या आणि त्या पिढीच्या बायकांनी त्या अशाच कुठे कुठे दडवून वाचल्या. माझ्या आईकडे त्या अंथरुणाच्या वळकटीत असत.

तर आम्हा सासूसुनांचे त्या डब्यावरून जमले. १९७८ साली आम्ही दोघी लोकलने पुण्याला जाऊन 'जैत रे जैत' पाहिला. चित्रपट आदल्या वर्षीचा, डॉ. जब्बार पटेल यांनी काढलेला. मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची, म्हणजे आपल्या मावळात, तळेगावला घर करून राहिलेल्या लेखकाची. 'पवनाकाठचा धोंडी'चाही सिनेमा १९६६ साली निघाला होता आणि राजमाचीच्या 'माचीवरला बुधा'चा तर अलीकडे निघाला. पण प्रेमकथा म्हणाल तर ती नाग्याची आणि चिंधीचीच. ठाकरवाडीतला नाग्या, त्याचा एक डोळा माशीच्या दंशाने गेला आहे आणि लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरवायचा त्याने हट्ट धरला आहे. आणि चिंधी, नको असलेला नवरा टाकून आलेली, नाग्यावर जीव लावून बसलेली. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत.

परतीच्या गाडीत मी वही उघडलीच. म्हटले, पुस्तकात रानाची वर्णने पानेच्या पाने आहेत, ती सगळी गेली. ठाकरी बोली किती गोड, तिचीही सारी मजा आली नाही. सासूबाईंना पुस्तकातली बोली जड गेली होती, त्यांनी ते अर्ध्यावर ठेवले होते. त्या म्हणाल्या, "झाडपाला तू वाच. मला ती पोरगी पाहू दे." आणि थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "आपणहून मागते गं ती, हा मला हवा म्हणून!" शेवटी नाग्या जिंकतो पण चिंधी राहत नाही, त्याचे त्यांना फार वाईट वाटले होते, तरी बोलल्या ते यावर. तळेगाव स्टेशन आले तेव्हा विचारतात, "इथंच राहतात ना ते? एवढ्या पुरुषमाणसाला हे कुठून कळलं?"

त्यानंतरची एक लहानशी गोष्ट. मे महिन्यात आमच्या दारी एक ठाकरीण करवंदे घेऊन यायची. सासूबाई तिच्याशी आण्यापैशावरून घासाघीस करीत. त्या वर्षी त्यांनी तिला ओट्यावर बसवून चहा दिला आणि मध कसा काढता म्हणून विचारले. ती बाई आधी बावरली, मग तासभर बोलली. घासाघीस पुढेही चालूच राहिली म्हणा.

आता 'देवदास'. २००२ साली संजय लीला भन्साळींचा आला तेव्हा आपल्या मंडळात केवढा गदारोळ झाला होता! एवढे दागिने, एवढे झुंबर, शरदबाबूंची पार्वती कुठे आणि ही कुठे. झुंबरांबद्दल माझे मत आजही तेच आहे. पण पारो आणि चंद्रमुखी एकत्र नाचतात त्यावर जो आक्षेप, तो मी मागे घेतला आहे. कादंबरीत त्या दोघी भेटत नाहीत. बिमल रॉय यांच्या १९५५ च्या चित्रपटात वाटेवर एकमेकींना पाहतात आणि न बोलता निघून जातात; सुचित्रा सेन आणि वैजयंतीमाला, ते दृश्य ज्यांनी पाहिले त्या विसरणार नाहीत. मला सांगा, पुस्तक वाचताना आपल्यापैकी कुणाला वाटले नव्हते, या दोघी एकदा तरी समोरासमोर याव्यात? एकाच माणसाने दोघींना दुःख दिले, त्यांनी एकमेकींशी बोलू नये काय? पुस्तक वाचून आपण मनात जे जुळवत बसतो तेच कुणीतरी लाखो रुपये खर्चून जुळवले. नाच जरा कमी चालला असता.

आता मूळ गोष्टीकडे येते. २००६ सालचा पावसाळा. सासूबाई ऐंशीच्या झालेल्या, गुडघ्यांनी धरलेल्या, दिवसभर दिवाणावर. माझ्या सूनबाईने आदल्या वर्षी निघालेली 'परिणीता' लावली, विद्या बालनची. १९५३ सालची मीनाकुमारी आणि अशोककुमार यांची आम्हा दोघींना ठाऊक होती. ही नवी मात्र गोष्ट १९६२ च्या सुमाराच्या कलकत्त्यात नेते.

माझी वही उघडलीच. सूनबाईला म्हटले, "अगं, कादंबरी १९१४ सालची. त्यात ललिता तेरा वर्षांची, मामाकडे वाढलेली पोरकी पोर. शेखरच्या कपाटातून पैसे घ्यायचा तिला हक्क, एवढाच काय तो तिचा रुबाब. इथे तर ही चांगली वाढलेली बाई, ऑफिसात कामाला जाते!" सूनबाई म्हणाली, "मग बरंच की." मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात दिवाणावरून आवाज आला.

"वाढवलीन् पोरीला. किती बरं केलंन्."

आम्ही दोघी गप्प झालो. सासूबाईंचे लग्न १९४० साली झाले, तेव्हा त्यांना चौदावे चालू होते आणि मामंजी सत्तावीस वर्षांचे. कायद्याने चौदा पुरी लागत, म्हणून वडिलांनी वय वर्षभर वाढवून सांगितले, हे त्यांनी मला पूर्वी एकदा, हसत, सांगितले होते. त्या दिवशी हसल्या नाहीत. शेखर शेवटी दोन घरांमधली भिंत फोडतो, तिथपर्यंत टक लावून पाहत राहिल्या. ते दृश्य मला भडक वाटले, अजूनही वाटते. त्यांनी पदराने डोळे पुसले.

नंतर मला म्हणाल्या, "मी ते पुस्तक पंधरा वेळा वाचलं असेन. दर वेळी वाटायचं, ही जरा मोठी असती तर हिला बोलता आलं असतं."

साठ वर्षे त्या बाईंनी पुस्तकात मनाने एक दुरुस्ती करून ठेवली होती, आणि मी मात्र पुस्तकात काय लिहिले आहे ते त्यांना समजावत होते! तेव्हापासून मी वही मिटली. मला आवडले नाही तर अजूनही मोठ्याने सांगते, ते तुम्ही ऐकताच. पण आधी सिनेमा पाहते. काय बदलले हे दिसले की लगेच रागावत नाही. हे कुणाला हवे होते, असे स्वतःला विचारते. पुष्कळदा उत्तर मिळते, धंदेवाल्याला हवे होते. कधी कधी मात्र आपल्याच घरातल्या कुणाला तरी हवे असते.

पुढच्या महिन्यात, पाऊस लागल्यावर, मंडळात १९५३ ची आणि २००५ ची अशा दोन्ही 'परिणीता' लागोपाठच्या गुरुवारी दाखवायच्या असे घाटते आहे. पुस्तक आधी वाचायचे असेल तर ते माझ्याकडे आहे, सासूबाईंचेच. प्रत एकच, वेष्टन गेलेले, पाने सुटी, म्हणून पाळीपाळीने न्यावे लागेल. नावे चिटणीसबाईंकडे द्या. आणि ज्या नेतील त्यांनी ते भिंतीला लागून ठेवू नये, ओल धरते.