टाळ्या पुरे, कायम नेमणूक द्या

आपल्यापैकी अनेकांच्या मुली नर्सिंगला आहेत, कुणाचा मुलगा एम.बी.बी.एस. करतो आहे. पोटाला चिमटा काढून आपण त्यांना शिकवतो. कोरोनाच्या साथीत या मुलांपुढे त्यांच्या नोकरीचे कोणते चित्र उभे राहिले, ते दिल्लीच्या दाखल्यावरून आम्ही सांगू इच्छितो.

22 मार्च 2020 रोजी देशाने टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. 3 मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले उधळली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तर दिल्ली महापालिकेच्या हिंदुराव रुग्णालयातील निवासी डॉक्टरांना थकलेल्या पगारासाठी आंदोलन करावे लागले. 14 डिसेंबरला एम्समधील परिचारिका संपावर गेल्या. वेतनातील तफावत दूर करा, कंत्राटी भरती थांबवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली आणि दुसऱ्याच दिवशी संप मागे घेतला गेला.

पुढे दुसरी लाट आली. आपले रेल्वे कामगार ऑक्सिजन एक्स्प्रेस दिल्लीला पोचवत होते. 3 मे 2021 रोजी केंद्र सरकारने शेवटच्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही कोविडच्या कामावर घेण्याचे ठरवले. 100 दिवस काम करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्य देऊ, असे जाहीर झाले.

एप्रिलमध्ये व्हायची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा 11 सप्टेंबरला झाली. मग आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाच्या उत्पन्नमर्यादेवरून प्रवेश कोर्टात अडकले. नवी तुकडी आलीच नाही. तीन तुकड्यांचे काम दोघींवर पडले. 27 डिसेंबरला दिल्लीत डॉक्टरांचा मोर्चा निघाला, पोलिसांनी अनेकांना ताब्यात घेतले. अखेर 7 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशप्रक्रियेला वाट मोकळी करून दिली.

हे सारे पाहिलेली मुले आज विचारतात : जागा कायम की कंत्राटी? पगार वेळेवर मिळेल का? ड्युटी किती तासांची? त्यांना स्वार्थी म्हणणे सोपे आहे. आमच्या मते हे प्रश्न अगदी रास्त आहेत.

‘सेवा’ या शब्दाआड काय दडते, हे आपल्याला ठाऊक आहे. ग्रामीण डाक सेवकाच्या नावातच सेवा आहे, पण नियमित सरकारी कर्मचारी म्हणून त्याची गणना होत नाही. 1897 च्या पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुल्यांनी प्राण दिले. तो त्याग त्यांनी स्वतःहून केला. त्यांचे नाव पुढे करून कुणाचा पगार थकवता येत नाही. सेवा माणूस मनाने देतो. पगार, विश्रांती आणि संरक्षण हे मालकाचे देणे आहे.

म्हणून साथींनो, आपल्या मुलामुलींच्या या प्रश्नांची टर उडवू नका. रुग्णालयांतील रिक्त जागा कायम स्वरूपात भरा, ही त्यांची मागणी आपल्या सभांत आणि ठरावांत घ्या. पुढची साथ केव्हा येईल, सांगता येत नाही. तेव्हा खाटेजवळ उभे राहायला माणसे हवी असतील, तर त्यांच्या पायाखालची जमीन आजच पक्की केली पाहिजे.